तेल लागलं आणि रडू आलं

अहो, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये इतकी वर्षं राहतोय, होप फार्मच्या सिग्नलला किती वेळ जातो ते झोपेतसुद्धा सांगेन, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एका छोट्या आयुर्वेदिक दवाखान्यात असं काही मिळतं याचा पत्ताच नव्हता! गेलो होतो मानेसाठी. लॅपटॉपपुढे वाकून मान आखडलेली, उजवा खांदा कानाला टेकायला निघालेला. वैद्य मल्याळी बाई. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेचं विचारलं आणि मग सहज म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, इथं कुणीच नाही. बायको नोकरीसाठी पुण्यात, मुलगी हॉस्टेलला. त्यांनी कागदावर 'अभ्यंग' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता खोलीतलं सांगतो. कमरेला कागदी लंगोट (याची आगाऊ कल्पना असलेली बरी!), खाली लाकडाची जाडजूड द्रोणी, कोमट क्षीरबला तेलाचा वास आणि दोन बाजूंना पालक्काडची दोन पोरं. पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायका, हा तिथला कडक नियम. आधी टाळूवर तेल, मग कानांत, मग दोघांचे चार हात खांद्यापासून मनगटापर्यंत, कमरेपासून टाचेपर्यंत एकाच वेगानं, एकाच दाबानं. एकमेकांकडे न बघता हे कसं जमतं कोण जाणे! मान सुटली, खांदा खाली आला, मी खूश. मग त्यांनी पालथं व्हायला सांगितलं.

पाठीच्या मधोमध एक तळवा आला आणि सावकाश खाली सरकला. तेवढंच. आणि मला रडू फुटलं. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, चांगलं हुंदके देऊन! माझे वडील, आबा, कोरोनात गेले, कोल्हापुरात. शेवटी त्यांना शिवताही आलं नव्हतं. त्यानंतर मी कामाला लागलो होतो, सगळ्यांना धीर दिला होता, कागदपत्रं केली होती. रडायचं तेवढं राहून गेलं होतं. ते इथं, एका अनोळखी पोराच्या हाताखाली बाहेर आलं. दोघंही थांबले नाहीत, विचारपूस नाही, काही नाही. हात फक्त आणखी संथ झाला. शेवटी अंघोळीनंतर टाळूवर रास्नादी चूर्ण चोळताना त्यातला एक म्हणाला, "होता है सर, बहुत लोगों को होता है।" त्या रात्री मी असा झोपलो की सकाळचा गजर ऐकूच आला नाही.

मग काय, वाचतच सुटलो. आपल्या त्वचेत संथ, हळुवार स्पर्शासाठी वेगळे मज्जातंतू असतात, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! स्वीडनमध्ये ओके वालबो आणि होकान ओलाउसन यांनी माणसांच्या नसांमध्ये बारीक सुया घालून त्यांचे संदेश टिपले. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगानं हात फिरला, तोही त्वचेइतका उबदार असला, की हे तंतू सर्वांत जोरात बोलतात. २००२ साली त्यांनी एका अशा बाईंचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचे नेहमीच्या स्पर्शाचे जाड तंतू आजारात निकामी झाले होते. त्यांना संथ कुंचला फिरवल्यावर बरं वाटल्याचं अंधूकसं कळत होतं. हे तंतू केसाळ त्वचेत भरपूर, तळहातावर मात्र फारच विरळ. म्हणजे बघा, मोठेपणी आपण अनोळखी माणसाला जो एकमेव स्पर्श करतो, तो हस्तांदोलनाचा, नेमका तिथंच ते कमी!

आणि चरक? त्याच्या संहितेत, सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्यानं म्हटलंय की स्पर्शेंद्रिय सगळ्या इंद्रियांना व्यापून असतं आणि मनाशी कायमचं जोडलेलं असतं. वाचून मी खुर्चीतून उठलोच. पाचव्या अध्यायात रोजच्या तेल चोळण्याबद्दल सांगताना तो घडा, चामडं आणि गाडीचा आस यांचे दाखले देतो. वाग्भट तर डोकं, कान आणि तळपाय यांना खास तेल लावायला सांगतो. पालक्काडच्या पोरांनी अगदी तेच केलं होतं.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. बाळबाळंतिणीला चोळायला बाई येते. नरकचतुर्दशीला पहाटे आई पाठीला तेल-उटणं लावते. माझे आजोबा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जायचे; तिथं जोर-बैठका झाल्या की पैलवान एकमेकांना मालिश करायचे. पण आपण त्याचा हिशेब अंग कमावण्यात नाहीतर न्हाऊ घालण्यात धरला. मिसरूड फुटलं की संपलं. पुढं कडुगोडीच्या मेट्रोत रोज कोपरं लागतात, हात कुणाचा लागत नाही.

इथूनच थोडं पुढं समेतनहळ्ळीला डॉ. आयझॅक मथाईंचं 'सौख्य' आहे. ब्रिटनचे राजे चार्ल्स तिथं मुक्कामाला येऊन गेले, २०२४च्या ऑक्टोबरमध्येसुद्धा. म्हणजे व्हाइटफील्डचा महिमा राजवाड्यापर्यंत पोचला, कंपनीतल्या आम्हा शेजाऱ्यांपर्यंत पोचायचा राहिला!

उत्साहात वाहून जातोय, कबूल. पण २००४ साली ख्रिस्तोफर मॉयर आणि सहकाऱ्यांनी मालिशवरचे ३७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात सर्वांत मोठा फायदा स्वभावातली चिंता आणि नैराश्य कमी होण्यात दिसला, तोही एका बैठकीत नाही, ओळीनं उपचार घेतल्यावर. एका बैठकीनं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं, असं मात्र त्यात आढळलं नाही. तेव्हा एखाद्या मालिशवाल्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं दिसलं तर माझ्यासारखं गालात हसा.

नैराश्य खोल असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, तेल नंतर. ताप, अजीर्ण किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर अजिबात जाऊ नका. आत शिरताना वैद्य स्वतः तपासतात का ते बघा. न तपासता थेट पॅकेजचा कागद पुढं करणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा. बाकी एकटे राहत असाल, ऑफिसातून येऊन कुणाशी न बोलता झोपत असाल, तर या रविवारी जाच. रिकाम्या पोटी जा, आणि जुने कपडे घालून जा. तेलाचा डाग निघता निघत नाही.