दिल्लीहून मुळशी किती लांब?

आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त दिल्लीस असतो. यंदा गौरी-गणपतीस तो विमानाने आला आणि पायांवर पाणी घेताघेताच म्हणाला, "काका, दिल्ली आता दोन तासांवर आली!" मुले या वाक्यावर बेहद्द खूष झाली. रेल्वेने दिल्ली-पुणे अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर. त्यात जवळजवळ एक अहोरात्र मोडते. आकाशातील सरळ वाट मात्र साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपास, व विमान ती सुमारे दोन तासांत आक्रमिते. १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली, तेव्हा मुंबई तीन तासांच्या आत आली याचेच आमच्या आजोबांस केवढे अप्रूप वाटले होते!

गौरी बोळवल्यावर आत्याबाईंनी मुळशीस जाण्याची इच्छा दर्शविली. त्यांच्या सासूबाईंचे माहेर तिकडचे. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असा रस्ता. अंतर उणेपुरे पंचेचाळीस किलोमीटर. परंतु मोटारींची दाटी अशी की, धरणाचे पाणी दृष्टीस पडेपर्यंत दोन तास उलटले. पुतण्या घड्याळ पाहून म्हणाला, "म्हणजे दिल्ली आणि मुळशी सारख्याच लांब!" आत्याबाई हसून म्हणाल्या, "आणि विमानतळावर आधी दोन तास जाऊन बसलास, ते कोणाच्या खाती मांडायचे?"

पौड मागे पडल्यावर मात्र शिणवटा उरला नाही. दोहों बाजूंस आंबेमोहोराची खाचरे, डोंगरांवर उतरलेले ढग, आणि पुढे तुडुंब भरलेला तो विस्तीर्ण जलाशय! नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने हे धरण बांधले. सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली भिरा येथे हे पाणी सोडून वीज निर्माण करितात, व ती मुंबईस जाते. त्यासाठी सुमारे पन्नास गावांच्या जमिनींवर पाळी आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, आणि याच लढ्याने त्यांस 'सेनापती' केले. १९२४ पर्यंत झुंज चालली. परंतु धरण झालेच. जमिनीच्या मालकांत पुण्याचे सावकारही होते, हे आपण पुणेकरांनी विसरू नये. मोबदल्याची भाषा त्यांस लवकर पटली, कसणाऱ्याचे मात्र सर्वस्व गेले.

इतक्यात ढगांवरून एका विमानाची घरघर ऐकू आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन स्वतः विमान हाकीत आले, ते जे. आर. डी. टाटा. एकाच घराण्याने देशातील शहरे परस्परांच्या जवळ आणिली, आणि या खोऱ्यातील गावे कायमची दूर केली, हा योगायोग आमच्या मनास चाटून गेला.

आत्याबाई पाण्याच्या कडेशी बसल्या होत्या. "सासूबाई सांगत, सकाळी निघाले तर न्याहारीला माहेरी पोहोचायचे," त्या म्हणाल्या, व पाण्यास हळदकुंकू वाहून त्यांनी नारळ सोडला. पुतण्याने विचारले, "आत्या, गाव नेमके कुठे होते?" त्यांनी बोट दाखविले, तेथे पाण्यावाचून काही नव्हते.

वाचकांनी भाद्रपदात मुळशीस अवश्य जावे. देखावा अप्रतिम आहे. मात्र मुलांस पाणी दाखविताना, त्याखाली काय आहे तेही सांगावे.