इंजिन कुठला टाकतोस यात?

दिवाळीनंतर झोडणी आटोपली, खळं रिकामं झालं, तेव्हा मी त्यावर चुन्याच्या फक्कीने एक गाडी काढली. खऱ्या मापाची, अकरा फूट लांब आणि पाच फूट रुंद. पुढे लांबलचक बॉनेट, मागे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. मग त्या रेघांच्या आत पाय पसरून बसलो आणि हातात स्टिअरिंग असल्यासारखं करून पाहिलं. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा गुरांना पेंढा टाकून येत होते. ते थांबले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, ''इंजिन कुठला टाकतोस यात?''

मी म्हटलं, ते नंतर बघू.

त्या 'नंतर'ला पाच महिने लागले. गाडी बांधणाऱ्या नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, की आधी आकार ठरवायचा आणि मग त्यात मावेल ते इंजिन शोधायचं. इंजिन एकटं येत नाही. त्याच्यामागे गिअरबॉक्स येतो, एक्सल येतो, रेडिएटर येतो, ते दुरुस्त करणारा माणूस येतो. पहिल्याच मुलाखतीत वरातीतले सगळे पाहुणे मोजून घ्यावे लागतात.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टूलरूमला आहे. शिफ्ट संपवून किन्हवलीकडे मोटरसायकलवर येताना डोक्यात हाच विषय. किट कार म्हणजे काय, हे मला मोबाइलवरच कळलं होतं. इंग्लंडमध्ये 1957 साली कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन नावाची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. ती सुट्ट्या भागांत मिळायची, घरी नेऊन जोडायची. पुढे 1996मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अशी गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बांधायची याचं पुस्तकच लिहिलं. एक इंची चौकोनी पाइप, 16 गेज, कापा आणि वेल्ड करा. आमच्या नाक्यावर खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा फॅब्रिकेशनवाला नेमका तोच पाइप वापरतो. माझी हिंमत वाढली ती तिथे.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. अलिबागला चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच वळणाची रोडस्टर बनवली होती. तिच्यात इंजिन होतं 1.8 लिटरचं इसुझू, म्हणजे आपल्या काँटेसात बसायचं ते. त्याआधी गोव्यात सॅन मोटर्सने फायबरची छोटी स्टॉर्म काढली, तिला रेनॉचं इंजिन. चॅम्पियनच्या पुस्तकात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं. याद्या वाचता वाचता लक्षात आलं की यांतल्या कुणीही स्वतःचं इंजिन बनवलेलं नाही, आणि घरी बांधणाऱ्यांनी तर सरळ आसपास गंजत पडलेल्या गाडीचं उचललेलं आहे. इंग्लंडच्या गल्लीबोळांत एस्कॉर्ट गंजत होत्या म्हणून एस्कॉर्ट.

मग प्रश्न सोपा झाला. शहापूर आणि मुरबाडच्या मध्ये काय गंजतंय?

पहिलं उत्तर मोटरसायकल. प्रत्येक पाड्यावर एखादी पल्सर बांबूला टेकून उभी असतेच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात, वजन कमी, भाव कमी. कॉलेजची पोरं स्पर्धेच्या गाड्यांना केटीएमचं 373 सीसीचं इंजिन लावतात, ते चाकणलाच बनलेलं, 43 अश्वशक्ती. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण मोटरसायकलला रिव्हर्स नसतो. गाडी बांधाला नाक लावून उभी राहिली की उतरून ढकलायची. दुसरं म्हणजे तिचा क्लच दीड-पावणेदोनशे किलोची गाडी आणि वर दोन माणसं एवढ्या हिशोबाने केलेला. त्याला चढावर अर्धा टन ओढायला लावलं, की प्लेटांचा वास आधी येतो आणि गाडी नंतर हलते. तिसरं, चेन. मागच्या अखंड दांड्याला चेन लावली तर वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि एक घासत जातं. ते टाळायचं तर डिफरन्शियल दुसरीकडून आणा, ब्रॅकेट बनवा, चेनची रेघ जुळवा. स्वस्त इंजिन महाग पडतं ते असं.

दुसरं उत्तर तीनचाकी आपेचं. बारामतीत बनणाऱ्या या गाड्यांच्या जुन्या डिझेल इंजिनात एकच सिलिंडर, चारशेच्या आसपास सीसी, आठ-नऊ अश्वशक्ती. रिव्हर्स आहे, डिफरन्शियल आहे, पाण्याची भानगड नाही. बंद पडलं तर चहा पिता पिता दुरुस्त होतं. पण एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ज्या तऱ्हेने थरथरतं, ती ज्याने शहापूरहून किन्हवलीपर्यंत मागच्या सीटवर दातांत अनुभवली आहे, तो आपल्या हाताने वेल्ड केलेल्या चासिसवर ते बसवणार नाही. पॉवर टिलरचं इंजिन याच कारणाने बाद. शिवाय आमचा टिलर पावसाळ्यात लागतो. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी बाबा ओरडले असते.

तिसरं, मुंबईतून आलेलं स्वप्न. प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, इंजिन उभं, मागची चाकं ओढणारी, म्हणजे सेव्हनला हवी तश्शी मांडणी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी गेली. त्या बातम्यांचे फोटो बघून मला वाटलं, आता ढिगाने इंजिनं निघतील. नाक्यावरचे मेस्त्री म्हणाले, ''ज्या इंजिनचा गॅस्केट शहापूरला मिळत नाय, त्याला हात लावू नको.'' तेवढ्यावर पद्मिनी संपली.

आणि चौथं, ज्याच्यासाठी मी खरोखर पैसे साठवत होतो. जिप्सी. 1.3 लिटर, 80 अश्वशक्ती, पाच गिअर, इंजिन उभं. एका रविवारी आसनगावहून लोकल पकडून कुर्ल्याच्या भंगारात गेलो. एक इंजिन पाहिलंही. तेलाने माखलेलं, वायरिंगचा गुच्छ कापलेला, कॉम्प्युटर गायब. दुकानदार सांगतो, चालू आहे. चालवून दाखव म्हटलं तर हसतो. इंजेक्शनच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल आणि ठिणगी पुरत नाही. सेन्सर हवेत, ते वाचणारा डबा हवा आणि त्या इंजिनाचाच हवा. तो डबा वेगळ्या दुकानात, वेगळ्या भावाने. मी हात पुसून परत आलो. घरी येऊन वहीत गणित मांडलं. पाचशे किलोच्या गाडीत 80 अश्वशक्ती म्हणजे टनाला 160. मी बसून वेल्डिंग शिकलेलो, तेही यूट्यूबवर. टनाला 160 ही माझ्या वेल्डिंगला पेलणारी गोष्ट नव्हती.

याच दिवसांत कायदाही वाचला. आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. नवीन गाडी म्हणून नोंदवायची तर एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. ती कंपन्यांसाठीची वाट, खळ्यावर बसणाऱ्या माणसाची नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट तुम्ही पाहिली असेल. भंगारातून सुमारे साठ हजारांत जीप बनवली, किक मारून चालू होणारी चारचाकी. 2021च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला, कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही म्हटलं. बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. सगळे खूश झाले, मीही झालो. तरी त्या घरच्यांना आपली जीप देताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मला बोलेरो कुणी देणार नव्हतं. म्हणजे माझी गाडी रस्त्यावर येणार नव्हती. दोन दिवस मी वहीच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाचरांकडे बघत बसलो होतो. भात कापून झालेलं, जमीन दगडासारखी टणक, डिसेंबर ते मे रिकामी. बांधांना दोन ठिकाणी वाट केली तर विहिरीपासून आंब्यापर्यंत आणि परत. आपलीच जमीन, आपलीच गाडी. तिथे 80 अश्वशक्तीचं काय करायचं होतं? दुसऱ्या गिअरमध्ये बांध आला असता.

आंब्याखाली निळ्या ताडपत्रीत ओम्नी उभी होती.

ती मला पाच महिने दिसली नव्हती असं नाही. मी तिच्याकडे बघत नव्हतो. 1998चं मॉडेल, बाबांनी जुनीच घेतलेली. 796 सीसी, तीन सिलिंडर, साधारण 35 अश्वशक्ती. इंजिन पुढच्या सीटखाली, उभं, मागची चाकं ओढणारं, मागे अखंड एक्सल. कार्ब्युरेटरवाली, म्हणजे डबा नको, सेन्सर नकोत. पार्ट शहापूरला, मुरबाडला, सरळगावलाही. ओम्नीचं वजन पावणेआठशे किलोच्या वर, म्हणजे टनाला 45 अश्वशक्ती. तेच इंजिन पाचशे किलोच्या गाडीत टाकलं तर टनाला 70. मारुती 800चे 57च्या आसपास येतात. आणि हे काही गरिबाचं समाधान नव्हे. खुद्द लोटस सेव्हनचा वारसा चालवणाऱ्या केटरहॅमने 2013मध्ये एक छोटी सेव्हन काढली, तिच्यात सुझुकीचंच 660 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सलही सुझुकीचाच. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ छताकडे बघत होतो.

अडचणी होत्या. चारच गिअर. डिफरन्शियल ओझ्यासाठी केलेलं, म्हणून वेग लवकर संपतो. गिअरचा दांडा ड्रायव्हरपाशी पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये लिंकेज. सेव्हनमध्ये गिअरबॉक्स गुडघ्याशेजारी येतो, त्यामुळे लिंकेज नव्याने करावं लागणार, आणि उलटं लागलं तर पहिला टाकायला जाऊन दुसरा पडणार. या सगळ्याला उपाय असतो. वहीत लिहिता येतो.

बाबांना विचारायचा उपाय वहीत नव्हता.

त्या गाडीने आमची भेंडी पहाटे कल्याणच्या बाजार समितीत नेली. शाळेची पोरं नेली. रात्री-अपरात्री दार वाजलं की बाबा चावी घेऊनच उठायचे, कारण दवाखाना शहापूरला आणि वस्तीत चारचाकी एकच. माझी धाकटी चुलत बहीण दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाही, ओम्नीतच जन्मली. तिला अजून सगळे ओम्नी म्हणूनच चिडवतात. 2019मध्ये बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, रात्रीची गाडी बंद झाली, मग दिवसाचीही. कागदांची मुदत संपली. भंगारवाला तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, बघू.

मी जेवताना विचारलं. गणित सांगितलं, टनाला किती ते सांगितलं, केटरहॅम सांगितलं. ते भात कालवत राहिले. शेवटी म्हणाले, ''म्हणजे तोडणार.''

''इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल काढणार. बाकी...''

''बाकी काय उरतं मग?''

मला उत्तर आलं नाही. आठ दिवस त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही. नवव्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी घरी आलो तर ताडपत्री घडी करून ठेवलेली. बाबा बादली घेऊन ओम्नी धूत होते. काचा, चाकं, दारांच्या खाचा, सगळं. डॅशबोर्डवरचा गणपती काढून खिशात ठेवला होता. ग्लोव्ह बॉक्समधून निघालेले कागद पायरीवर दगडाखाली दाबलेले: बाजार समितीच्या पावत्या, शाळेच्या पोरांची नावं, हवा भरायचा गेज. मी मदतीला गेलो तर म्हणाले, ''तू झोप जा. रात्री जागलास.''

रविवारी मेस्त्री आले. ओम्नीचं इंजिन खालून निघतं. आंब्याच्या फांदीला चेनकप्पी बांधली, इंजिन खाली लाकडी ओंडक्यांवर टेकवलं, बोल्ट सोडले, वायरी आणि पाइपांना चिठ्ठ्या बांधून मोकळ्या केल्या. मग कप्पी ओढली. इंजिन जागेवरच राहिलं आणि गाडी त्याच्यावरून वर उचलली गेली. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं होतं, त्यात पोरांच्या वहीचे कागद. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. आधी हललं नाही. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून दोन दिवस ठेवलं. मग फिरलं, सहज.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग, ऑइल सील नवे. कार्ब्युरेटर उघडून धुतला. अँगलचा स्टँड वेल्ड केला, त्यावर इंजिन, शेजारी स्टुलावर रेडिएटर, खिळ्याला टांगलेली पेट्रोलची बाटली, बॅटरी ट्रॅक्टरची. चुलत बहीण फोनवर व्हिडिओ काढायला उभी. चोक पूर्ण ओढून मी स्टार्टर मारला. घुर्रर्र, आणि काही नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एकदा खोकलं आणि पेट्रोलचा वास पसरला. मेस्त्री प्लग काढायला पाना शोधू लागले.

बाबा ओटीवर बसले होते. आमच्याकडे पाठ करूनच. तिथूनच म्हणाले,

''चोक अर्धाच ओढ. तिला पूर्ण चालत नाय.''