'अप टू' म्हणजे किती?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे होस्टेलवर माझ्या इंग्रजीला भलताच भाव आहे. रजेचा अर्ज असो, रेक्टर मॅडमना माफीपत्र असो, की बायोडेटा... "जरा बघ ना गं!" म्हणत कोणीतरी दारात उभं असतंच. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. शब्द जितका अवघड, तितकं इंग्रजी चांगलं, असं माझं साधं गणित होतं.

ते गणित गेल्या वर्षी चुकलं. माझी रूममेट एका ट्रेनिंग क्लासचं माहितीपत्रक घेऊन आली. फी पंधरा हजार. ती झेडपीच्या शाळेत शिकलेली. म्हणाली, "तूच वाच, तुला जास्त कळतं." मी झरझर नजर फिरवली आणि ऐटीत सांगितलं, "शंभर टक्के प्लेसमेंट आहे, भर बिनधास्त!"

तिच्या बाबांनी कांदा विकून पैसे पाठवले. क्लास संपला. नोकरी सोडाच, इंटरव्ह्यूचा साधा फोनही आला नाही. पुन्हा कागद काढला. त्यात होतं 'अप टू' शंभर टक्के, आणि मदत 'मे बी प्रोव्हायडेड'. म्हणजे शून्यसुद्धा शंभरच्या आतच की! कागद खोटं बोललाच नव्हता. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग लायब्ररीत शोधाशोध केली तेव्हा कळलं, की अशा भाषेला इंग्रजीतच नावं आहेत. 'वीझल' हा मुंगसासारखा छोटा प्राणी. तो अंड्याचं कवच शाबूत ठेवून आतलं शोषून घेतो म्हणतात. तसा वाक्यातला अर्थ शोषून घेणारा शब्द म्हणजे 'वीझल वर्ड'. आमचा 'अप टू' त्यातलाच! 'गॉबलडिगूक' हा शब्द 1944 मध्ये मॉरी मॅव्हरिक या अमेरिकन राजकारण्याने सरकारी जडजंबाल भाषेला वैतागून काढला, टर्की पक्ष्याच्या आवाजावरून. 'युफेमिझम' म्हणजे कडू गोष्टीला साखरेचं वेष्टन. माणसांना कामावरून काढायचं आणि म्हणायचं 'राइटसायझिंग'! आणि कर्मणी प्रयोगाचा आडोसा, 'मिस्टेक्स वेअर मेड'. चुका झाल्या, केल्या कोणी, ते विचारू नका. हसू नका मित्रांनो, लहानपणी आपणही 'कप फुटला' असंच सांगायचो. आणि आता? रीडिंग शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवायचं आणि लिहायचं 'रीडिंग्ज वेअर टेकन'!

आपण इंजिनिअर होणार, म्हणून तर जास्त जपायला हवं. 2003 मध्ये कोलंबिया यान परत येताना तुटलं, कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्यावर स्लाइड्स केल्या. एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं. आणि खरी गोष्ट अगदी तळाशी, की आकार 1920 घनइंच आणि चाचणीतला फक्त 3! 'सिग्निफिकंट' हा एकच शब्द त्या स्लाइडवर वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा होता, पण म्हणजे नक्की किती, ते कुठेच नाही. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडवर बोट ठेवलं. नीट लिहिलं असतं तर यान वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण वाचणाऱ्याला धोका तरी दिसला असता.

आता कोणताही इंग्रजी कागद आला, की मी तो मोठ्याने मराठीत सांगून बघते. कोण देणार, काय देणार, किती आणि कधी? जे सांगता येत नाही, ते त्या कागदात नसतंच.

पंधरा हजार काही परत आले नाहीत. पण मागच्या महिन्यात रूममेट आणखी एक फॉर्म घेऊन आली. या वेळी वाचलं तिने, मी फक्त ऐकत होते. 'मे' पाशी ती थांबली. "म्हणजे देतीलच असं नाही ना गं?"

माझ्या अख्ख्या कॉन्व्हेंटपेक्षा हा एक प्रश्न भारी होता!