थेट तिसऱ्या वर्षाला

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आपण एकमेकांना हमखास विचारतो, "मुलगा कुठे असतो हल्ली?" ज्यांचा बर्कलीला किंवा लॉस एंजेलिसला असतो ते विद्यापीठाचं नाव पूर्ण सांगतात. ज्यांचा कम्युनिटी कॉलेजात असतो ते "इथेच, घरूनच करतोय" असं पुटपुटून द्रोणातल्या शिऱ्याकडे वळतात. मग दोन वर्षांनी तोच मुलगा ट्रान्सफर होऊन मोठ्या विद्यापीठात जातो आणि आईबाबा सुटकेचा निःश्वास टाकतात. झालं, गाडी रुळावर आली! मला तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या निःश्वासानंतरच्या दहा आठवड्यांबद्दल.

आम्ही डेव्हिसला राहतो. घरापासून विद्यापीठ सायकलने दहा मिनिटांवर. बरीच वर्षं दर सप्टेंबरला बे एरियातून कुणाचा तरी फोन येतो, "आमची मुलगी तिकडे येतेय, जरा लक्ष ठेवाल का?" त्यातल्या ट्रान्सफरच्या मुलांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं, कारण मी स्वतः डिप्लोमावाली. दहावीनंतर तंत्रनिकेतन आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. त्या वाटेने गेलेल्यांना 'एम-थ्री' एवढं म्हटलं तरी पोटात गोळा येईल. वर्कशॉपमध्ये आमचा हात कुणी धरू शकत नसे, पण बारावीवाल्यांचं इंटिग्रेशन घोटून झालेलं आणि आम्ही अजून सूत्रं शोधतोय. हॉस्टेलवर कोण कुणाबरोबर राहणार हे आदल्या वर्षीच ठरलेलं, मेसच्या टेबलावरच्या जागासुद्धा ठरलेल्या. एका सरांनी पहिल्याच तासाला "डिप्लोमावाले हात वर करा" म्हटलं, आम्ही हात वर केले, आणि सर पुढे काहीच बोलले नाहीत. शिकवायला लागले.

कॅलिफोर्नियात हा रस्ता मागच्या दाराचा नाही, हे आधी सांगते. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून तो राज्याने मुद्दाम बांधलेला आहे. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, साठ सेमिस्टर युनिट्स, आणि मग विद्यापीठात थेट तिसरं वर्ष. कुठला विषय कुठे धरला जाईल हे असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर कॉलेजवार बघता येतं. प्रवेश मिळेपर्यंतची ही वाट नीट आखलेली आहे. प्रवेश मिळाल्यानंतरची मात्र ज्याची त्याने शोधायची.

सुरुवात घरापासून होते. डेव्हिसमधले बरेचसे भाडेकरार सप्टेंबर ते ऑगस्ट असे असतात आणि जुनी मुलं हिवाळ्यातच सह्या करून मोकळी होतात. ट्रान्सफरवाल्यांचा निकाल एप्रिलमध्ये लागतो. तोवर कॅम्पसजवळचं बरंच भरून गेलेलं असतं आणि उरतं ते गावाच्या टोकाचं, अनोळखी तिघांबरोबरचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना डॉर्मचा एक अख्खा मजला आयता मिळतो. सगळेच नवखे, सगळेच घाबरलेले, म्हणून मैत्री लवकर जमते. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बाकीच्यांचे अभ्यासाचे गट जमून दोन वर्षं झालेली असतात.

आणि मग क्वार्टर. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत सेमिस्टर असतं. (डी अँझा आणि फूटहिलला क्वार्टरच आहे, तिथली मुलं त्यामुळे कमी दचकतात.) डेव्हिसला दहा आठवड्यांत विषय संपतो. सायकल कुठे लावायची आणि चौकातल्या सायकलच्या वर्तुळात न आपटता कसं शिरायचं हे कळेपर्यंत पहिली मिडटर्म दारात उभी. त्याच सुमारास करिअर फेअरही येऊन ठेपतं, कारण पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती शरद ऋतूतच सुरू होते. विद्यापीठात येऊन महिना झाला नाही तोच रेझ्युमे घेऊन रांगेत उभं राहायचं!

आईबाबांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की कम्युनिटी कॉलेजातली युनिट्स बरोबर येतात, ग्रेड येत नाहीत. यूसीचा जीपीए कोऱ्या पाटीवर सुरू होतो. तिथले ३.९ तिथेच राहिले. पहिल्या क्वार्टरला दोन 'सी' आले तर पाटीवर तेवढेच दिसतात. या घसरणीला इथल्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच 'ट्रान्सफर शॉक' असं नाव देऊन ठेवलंय. पुढच्या सत्रांत बरीच मुलं सावरतात, पण ज्याची पाटी आहे त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

असाच एक मुलगा एका दिवाळीत आमच्याकडे फराळाचा डबा न्यायला आला. दिवाळी नेमकी मिडटर्मच्या दिवसांत येते, त्यामुळे घरी जाता येत नाही. म्हणून मी डबे करते. डबा घेऊन तो निघेना. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग म्हणाला, "काकू, मी दोन क्लासना तीन आठवडे गेलोच नाहीये." वेळ भरून काढायची म्हणून त्याने चार विषय घेतले होते. एका मिडटर्मला नापास झाला आणि पुन्हा त्या वर्गात पाऊल ठेवायची लाज वाटायला लागली. घरी रोज फोनवर सगळं छान चाललेलं होतं. त्याची एकच विनवणी होती, "आईला सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्याला एक अट घातली: उद्या सकाळी ॲडव्हायझरकडे. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून त्याच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. अर्ज करून एक विषय सोडता आला, बारा युनिट्स शिल्लक राहिली म्हणून आर्थिक मदतीला धक्का लागला नाही. दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापिकेच्या ऑफिस अवर्सना तो दर आठवड्याला जाऊन बसला आणि 'सी' घेऊन सुटला. डिग्रीला एक क्वार्टर जास्त लागलं.

पुढे त्याच्या आईला कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. "तुम्ही आई आहात ना? मग मला का नाही सांगितलंत?" तिचा राग मला समजतो. १९७४ च्या कायद्यामुळे मुलाच्या संमतीशिवाय विद्यापीठ सहसा पालकांना मार्क दाखवत नाही. मग आपल्यातलंच कुणी सांगणार नसेल तर तिने काय करायचं? पण मी सांगितलं असतं तर तो दुसऱ्यांदा आमच्या दारात आला नसता, आणि त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार नव्हता. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. आता ती आणि मी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

पालकांनो, पहिल्या क्वार्टरला तीनच विषय पुरेत. फोनवर "मार्क किती?" विचारण्याआधी "जेवायला कोण असतं बरोबर?" हे विचारा. उत्तर "कुणी नाही" आलं तर शनिवारी कॅपिटॉल कॉरिडॉरची गाडी पकडून या, ती फ्रीमाँटहून थेट डेव्हिसला येते. आणि तो कम्युनिटी कॉलेजात होता हे लपवू नका हो. आपणच दोन वर्षं पुटपुटत राहिलो तर अडचण आल्यावर मुलगाही पुटपुटणारच.

जी मुलं-मुली स्वतः ट्रान्सफर होऊन इथून पास झाली आहेत, त्यांच्याकडे एक मागणं आहे. नव्या मुलांना माझ्यासारख्या काकूपेक्षा तुमचं जास्त पटतं. गेल्या वर्षी एकीने आमच्या स्वयंपाकघरात बसून चौघांना आपली पहिल्या क्वार्टरची मार्कलिस्ट दाखवली, त्यातल्या 'डी'सकट. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही, मग चौघंही एकदम बोलायला लागले. त्यांच्यातल्या दोघी आता एकत्र राहतात.

या वर्षीच्या डब्यांसाठी आतापर्यंत सात नावं आली आहेत. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. चकली नाही, सायकलच्या बास्केटमध्ये तिचा चुरा होतो. तुमच्या ओळखीचं कुणी यंदा नव्याने आलं असेल तर मंडळाकडून माझा नंबर घ्या आणि त्यालाच फोन करायला सांगा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.