नास्तिकाच्या कथेतला नवस

मी देव मानत नाही. तरी माझ्या कथांत पानोपानी देव आहे. सीमाभागातल्या खानापूर तालुक्यात राहून इथल्या माणसांच्या गोष्टी लिहायच्या तर दुसरे काय होणार? आमची मलप्रभा कणकुंबीला माउली देवीच्या पायाशी उगम पावते आणि पुढे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात जाते. आजारपण असो, सोयरीक असो की बांधाचे भांडण, पहिले गाऱ्हाणे देवापुढे. ते काढून टाकले तर माझी पात्रे मुकी होतील.

नंदगडचा वडच घ्या. इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी १८३१ साली नंदगडला फाशी दिली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला लाकडी पाळणे टांगलेले असतात. मूल व्हावे म्हणून जोडपी ते बांधतात. फासावर गेलेल्या तरुणाकडे लोक जन्म मागतात! तो पावतो की नाही, हा वाद मी कथेत घालत नाही. पाळणा बांधून परतताना नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले, सासूने उंबऱ्यातच काय विचारले, पुढचा महिना त्या बाईने कसा काढला, ते मला हवे असते. नवस बोलल्यापासून फिटेपर्यंतचा काळ हाच कथेचा काळ.

पथ्ये मात्र कडक. कथेचा गुंता देवाच्या हातून सोडवायचा नाही, आणि हात जोडणाऱ्याची टिंगल करायची नाही. तपशीलही चोख हवा. सौंदत्तीचा भंडारा आणि उदोकार आळंदीच्या वारीत घुसवला, तर इथला वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि ते योग्यच आहे.

लेखक हमीद दलवाईंचे मोल मला इथे कळते. धर्मचिकित्सेपायी त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, मरणोत्तर धार्मिक विधीही नाकारले. पण त्यांच्या ‘इंधन’ कादंबरीतले कोकणातले गाव आतून पाहिलेले आहे. वैचारिक लेखातला दलवाई आणि कादंबरीतला दलवाई यांची कामे वेगळी होती. श्रद्धा नसलेल्या लेखकाला श्रद्धेचे जग लिहिता येत नाही, हा समज त्या पुस्तकाने माझ्यापुरता खोडून काढला.

सीमाभागात नव्याने लिहिणाऱ्या, देव न मानणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगणे: गावची जत्रा चुकवू नका. हात जोडू नका हवे तर, पण गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐका.