कडू बिस्किटांना आठ गुण

अन्नतंत्रज्ञानात एम.टेक. करताना माझा विषय होता बाजरीची बिस्किटं. मैद्यात ३०, ५० आणि ७० टक्के बाजरी घालायची आणि लोकांना कोणतं बिस्कीट आवडतं ते पाहायचं.

पहिली चाचणी वसतिगृहातच घेतली. साठ मुली, दुपारचं जेवण झाल्यावर, मेसच्या दारात. ताटल्यांवर अ, ब, क लिहिलं आणि मी स्वतः समोर उभी राहिले. गुण एक ते नऊ. एक म्हणजे अजिबात नावडलं, नऊ म्हणजे अतिशय आवडलं. जवळजवळ सगळ्यांनी सात-आठ दिले. त्याच रात्री मी घरी फोन करून सांगितलं.

शनिवारी उरलेली बिस्किटं घेऊन घरी गेले. आईने ७० टक्क्यांचं एक तोंडात घातलं आणि चावता चावता थांबली. "अगं, हे कडू लागतंय. पीठ कधीचं?" तीन आठवड्यांपूर्वीचं. गिरणीचा हेलपाटा वाचावा म्हणून एकदम पंधरा किलो दळून आणलं होतं. "बाजरीचं पीठ आठ दिवसांच्या वर कोण ठेवतं?"

कारण मला पाठ होतं. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो. दळली की लायपेज हे विकर त्यावर काम करू लागतं, मेदाम्लं सुटतात आणि पीठ कडवट होतं. परीक्षेत हे लिहिलं होतं, पण पिठाचा डबा उघडताना आठवलं नाही. रोज चाखून माझी जीभही सरावली होती.

त्याहून जास्त लागलं ते गुणांचं. मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "तू समोर उभी होतीस. तीन दिवस ओव्हनपुढून हलली नव्हतीस. काय लिहिणार आम्ही?"

माझ्या मार्गदर्शक मॅडमना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा कर. दोन महिने गेले.

या वेळी बाजरी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात घातली, वाळवली, दळली आणि त्याच आठवड्यात वापरली. उष्णतेने लायपेज निकामी होतं. नमुन्यांना ३८२, ६१७ असे कसेही निवडलेले तीन आकडी क्रमांक दिले, कारण 'अ' दिसला की लोक तो पहिल्या नंबरचा समजतात. प्रत्येकाला क्रम वेगळा, दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याचा घोट, वेळ सकाळी साडेदहाची. ताटल्या ज्युनिअरने दिल्या. मी आत थांबले. चाखणारे बहुतेक मला न ओळखणारे होते.

गुणपत्रिका आधी इंग्रजीत होती. पाच जणांवर करून पाहिली, तेव्हा प्रयोगशाळेतले शिपाईकाका म्हणाले, "ताई, यातल्या दोन ओळी मला एकच वाटतात." मग सगळी मराठीत लिहिली: थोडं आवडलं, बऱ्यापैकी आवडलं, खूप आवडलं. काकांनी वाचून मान डोलावली, तेव्हाच छापली.

७० टक्क्यांचं बिस्कीट पाचाच्या खाली आलं. ५० टक्क्यांचं सातावर टिकलं. ते आकडे मला पहिल्या आठांपेक्षा जास्त आवडले.

पहिल्या साठ पत्रिका मी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडल्या आहेत, कुठे चुकलं त्यासकट. पुढे हे काम करणाऱ्या मुलामुलींनी सुरुवात करण्याआधी त्या जरूर पाहाव्यात.