जाळीमागची अक्षरं

नोकरीच्या पहिल्या दिवशी पगारासाठी खात्याची माहिती द्यायची असते, तेव्हा हमखास मागणी होते : ‘एक कॅन्सल्ड चेक जोडा.’ मग चेकबुकातलं पान फाडायचं, त्यावर दोन तिरप्या रेघा ओढायच्या आणि त्यांच्या मधे ‘कॅन्सल्ड’ असं ठसठशीत लिहायचं. काळजी एकच घ्यायची. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्वच्छ वाचता आले पाहिजेत. चेक बाद झालेला असतो, पण मागवलेला असतो तो वाचण्यासाठीच.

लॅटिन बोलणाऱ्या माणसाला यात काहीच नवल वाटलं नसतं.

लॅटिनमध्ये ‘कांकेल्ली’ म्हणजे गजांची जाळी, कठडा. मजकुरावर रेघांवर रेघा मारल्या की कागदावर जाळीच उमटते. त्या क्रियेला नाव पडलं ‘कांकेल्लारे’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत त्याचं ‘कॅन्सल’ झालं. अक्षरं पुसली जात नाहीत, गजांआड जातात. साफ पुसून टाकण्यासाठी लॅटिनमध्ये वेगळं क्रियापद होतं; आजचं ‘डिलीट’ त्यातूनच आलं. मृत्युपत्रातल्या खाडाखोडीबद्दल रोमन कायदेपंडित उल्पियन यानं दिलेला निर्वाळा फार सुंदर आहे : खोडलेलं वाचता येत असेल आणि ते चुकून खोडलं गेलं असेल, तर ते ग्राह्य, जाणूनबुजून खोडलं असेल, तर नाही. रेघ दिसते तशीच, पण तिच्यामागचा हेतू पाहायचा. त्यासाठी मूळ अक्षरं शिल्लक असावी लागतात.

याच कठड्यापाशी न्यायालयात उभा राहणारा सेवक तो ‘कांकेल्लारियुस’. त्या पदाचा मान वाढत वाढत ‘चान्सलर’पर्यंत पोचला.

मराठीत आता गाडी, बेत, सुट्टी सगळंच कॅन्सल होतं. ‘रद्द’ आपल्याकडे अरबीतून आला, ‘रद्दी’ही त्याच घरातली. पण लॅटिन क्रियापदाच्या अगदी जवळचं म्हणावं ते आपलं ‘काट मारणं’. त्यात हाताची ती तिरपी हालचालसुद्धा ऐकू येते.

टपालाच्या तिकिटावर तर ही खूणच महत्त्वाची. १८४०मध्ये ब्रिटनमध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. वापरलेल्या तिकिटावर लाल शाईनं माल्टीज क्रॉसचा ठसा मारत. ही शाई धुऊन तिकीट पुन्हा वापरता येई, म्हणून १८४१मध्ये शाई काळी झाली आणि तिकीट तांबूस. ते ठसे सगळीकडे अगदी एकसारखे नव्हते. आजही संग्राहक भिंग घेऊन तिकिटावरच्या राणीच्या चेहऱ्याइतक्याच बारकाईनं तो क्रॉस न्याहाळतात आणि ठसा कुठल्या गावचा, ते ओळखू पाहतात.